‘अण्णा आला’: रहस्य कादंबरी कशी आखावी आणि कशी लिहावी

रहस्य कादंबरीत दोन कथा असतात. पहिली कथा प्रत्यक्ष घडून गेलेली असते: कोणी कोणाला, का आणि कसे मारले, नंतर काय लपवले, कोणाला काय खोटे सांगितले. दुसरी कथा त्या घटनेचा माग काढणाऱ्यांची असते. वाचकाच्या हाती दुसरी कथा पडते आणि पहिली त्याला तुकड्यातुकड्यांनी सापडत जाते. लेखकाला मात्र पहिली कथा अखंड, आधीपासून ठाऊक असावी लागते. माझ्या पहिल्या हस्तलिखिताच्या वेळी मी हे केले नव्हते. मृतदेह सापडण्याचे प्रकरण चांगले उतरले, त्या उत्साहात मी १४० पानांपर्यंत गेलो आणि तिथे लक्षात आले की खून कोणी केला हे मलाच ठरवता येत नाही. ज्याच्यावर आळ घ्यावा त्याच्या आधीच्या वागण्याशी तो आळ जुळत नव्हता. ती सारी पाने बाजूला ठेवावी लागली. त्यानंतर मी जी पद्धत पाळत आलो ती पुढे मांडतो, आणि बोलणे हवेत राहू नये म्हणून सोलापुरात घडणारी एक कल्पित कथा सोबत घेतो.

आधी खरी हकिकत

एका वहीत, अलंकार न वापरता, गुन्ह्याची हकिकत घडली त्या क्रमाने लिहावी. तिची सुरुवात खुनापासून करू नये. खुनाच्या निदान सहा महिने आधीपासून करावी, कारण हेतू एका रात्रीत तयार होत नाही. आठ ते दहा पाने पुरतात. गुन्हेगाराच्या खांद्यावरून पाहत लिहावे, म्हणजे त्याला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते हे आपोआप वेगळे होते.

आपल्या कथेची हकिकत अशी. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घराला लागून कारखाना आणि कारखान्याला लागून घर आहे, तिथल्या चादरीच्या एका कारखान्यात एक जॉबर काम करतो. मागांची दुरुस्ती आणि डिझाइनची कार्डे हे त्याचे काम. त्याची मातृभाषा तेलुगू, शिक्षण मराठीत. कारखान्याचे मालक साठीच्या पुढचे असून लहानथोर सगळे त्यांना ‘अण्णा’ म्हणतात. जॉबरचा थोरला भाऊ शेजारच्या गल्लीत राहतो आणि ‘छोटा हत्ती’ म्हणतात तो लहान टेम्पो चालवून भाड्याने माल पोहोचवतो. वडिलांनी ठेवलेले घर दोघांच्या नावावर आहे. गाडीचे हप्ते थकल्यावर थोरल्याने धाकट्याची खोटी सही करून ते घर गहाण टाकले. मे महिन्यात, धाकट्याची बायको मुलांना घेऊन तेलंगणात माहेरी गेली असताना, गहाणाचा कागद धाकट्याच्या हाती लागतो. तो भावाला गुरुवारपर्यंतची मुदत देतो. गुरुवारी रात्री साडेनऊला थोरला येतो, शब्दाला शब्द वाढतो आणि मागाच्या लोखंडी दांड्याने घाव बसतो. शुक्रवारी धाकटा बायकोला आणायला जाणार होता, त्यामुळे तो कामावर दिसला नाही तरी कोणी चौकशी करणार नाही, हे थोरल्याला माहीत आहे. पहाटे चारला तो खाटेवरच्या चादरीत मृतदेह गुंडाळतो, गाडीत घालतो आणि तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावाकडे नेऊन टाकतो.

ही हकिकत लिहून झाली की समास आखून प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहावा: या कृतीची खूण कुठे राहिली? खुणा दोन प्रकारच्या निघतात. काही गुन्हेगाराला सुचतात आणि तो त्या पुसतो. रक्त धुतो, फोन फेकून देतो, गहाणाचा कागद जाळतो. दुसऱ्या खुणा त्याला सुचतच नाहीत, कारण त्या त्याच्या रोजच्या जगण्याचा भाग असतात. खाटेवर कोणती चादर होती हे त्याने पाहिले नाही, आणि भाऊ आपल्याला कोणत्या नावाने हाक मारतो याचा तर कोणीच विचार करत नाही. कादंबरीचा उलगडा या दुसऱ्या प्रकारच्या खुणांवर उभा करावा, असे माझे ठाम मत आहे. हुशार गुन्हेगाराकडून शेवटी एक मूर्ख चूक करवून घेणारी कादंबरी वाचकाला फसवते.

जागा, ऋतू आणि भाषा

ज्या गावावर लिहायचे तिथे पायी फिरावे, आणि ज्या वेळी घटना घडते त्याच वेळी फिरावे. पूर्व भागात रात्री साडेनऊला मागांचा आवाज किती असतो, भिंतीपलीकडचे भांडण ऐकू येईल का, दाराशी दिव्याखाली विड्या वळत बसलेली बाई गल्लीचे कोणते टोक पाहू शकते, पहाटे चारला टेम्पो सुरू झाला तर कोणाला वेगळे वाटेल आणि कोणाला रोजचेच वाटेल, ही माहिती नकाशात सापडत नाही. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे आणि जिल्ह्याच्या उरलेल्या भागाला ग्रामीण पोलीस अधीक्षक. शहरातून बाहेर नेलेला मृतदेह हद्द ओलांडतो का, हे लिहिण्यापूर्वी नक्की करावे, कारण त्यावर तपास कोणाकडे जाईल हे ठरते आणि दोन यंत्रणांमध्ये हरवलेला एखादा दिवस कथेला उपयोगी पडतो.

ऋतू निवडताना सोलापूरच्या उन्हाळ्याचा विशेष विचार करावा. मृतदेह दर तासाला अमुक अंशाने थंड होतो, या हिशोबावर अनेक कथांतील मृत्यूची वेळ ठरते. जिवंत माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो. बंद पत्र्याच्या खोलीत दुपारी मृतदेह थंड होणारच नाही. मृत्यूनंतरचा ताठरपणाही उष्णतेत लवकर येतो आणि लवकर ओसरतो, आणि शरीर कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. थंड देशातील वेळापत्रक इथे आणून बसवले तर वैद्यकाची थोडीशी माहिती असलेला वाचक तिथेच पुस्तक मिटतो. याच कारणाने माझ्या आखणीतला एक धागा मी काढून टाकला. मृतदेहाच्या खालच्या बाजूला रक्त साकळून जे डाग पडतात ते पक्के व्हायला साधारण सहा ते बारा तास लागतात; त्यानंतर मृतदेह हलवला तर डाग जुन्या जागी राहतात आणि हलवल्याचे उघड होते. आपल्या कथेत साडेनऊ ते चार म्हणजे जेमतेम साडेसहा तास होतात. त्या डागांवर कोणताही डॉक्टर छातीठोकपणे बोलणार नाही, मग कादंबरीतल्या डॉक्टरनेही बोलू नये.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचा मोह सोलापूरच्या प्रत्येक लेखकाला होतो. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरची गर्दी, शोभेच्या दारूच्या आवाजात बुडालेली बंदुकीची गोळी, हे चित्र डोळ्यांसमोर आपोआप उभे राहते आणि म्हणूनच ते टाळावे. आवाजात आवाज लपवणे ही कल्पना वाचकाने आधीच केलेली असते. यात्रा हवीच असेल तर तिचा उपयोग उलटा करावा: सगळे गाव एका ठिकाणी असताना जो तिथे नव्हता, त्याची अनुपस्थिती कोणाच्या लक्षात आली?

या गावाने रहस्यलेखकाला दिलेली खरी देणगी भाषेची आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी वळणाची हिंदी-उर्दू इथे एका चौकात ऐकू येतात आणि एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेच्या कानात पडताना अर्थ बदलतो. हिंदीतला ‘कल’ काल किंवा उद्या यांपैकी काहीही असू शकतो. चिठ्ठीवर ‘बाकी हिसाब कल’ एवढेच लिहिले असेल, तर पैसे दिले गेले की द्यायचे आहेत यावर दोन माणसांचे दोन समज होतील. मराठीत ‘अण्णा’ हे घरातल्या किंवा गावातल्या वडीलधाऱ्याचे नाव होऊन बसते. तेलुगूत आणि कन्नडमध्ये तो शब्द थोरल्या भावासाठी आहे. तेलुगूतला उच्चार ‘अन्ना’ असा असतो, पण मराठी कानाला तो ‘अण्णा’च ऐकू येतो.

धागा कसा ठेवावा

सोलापुरात ‘माग’ या शब्दाचे दोन्ही अर्थ रोज वापरात आहेत: चादर विणतो तो माग, आणि चोराचा काढतात तो माग. या विभागात दोन्ही लागणार आहेत.

लंडनमध्ये १९३० साली स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लब या रहस्यलेखकांच्या मंडळात नव्या सदस्याला शपथ घ्यावी लागे. गुन्ह्याचा उलगडा दैवी साक्षात्कार किंवा योगायोग यांच्या आधाराने करणार नाही आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही, असा तिचा आशय होता. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही यापेक्षा चांगला नियम मला आढळलेला नाही. तपास करणाऱ्याला जे दिसले ते वाचकाला त्याच क्षणी दिसले पाहिजे. मग रहस्य टिकते कशाने? धाग्याला दोन अर्थ असल्याने टिकते. पहिला अर्थ चुकीचा पण इतका स्वाभाविक असावा की दुसरा शोधण्याची गरजच वाटू नये. दुसरा अर्थ कळल्यावर मात्र पहिला पुन्हा खरा वाटू नये.

आपल्या कथेतली चादर जवळून पाहू. जुन्या पद्धतीच्या जेकार्ड मागावर डिझाइन भोके पाडलेल्या कार्डांच्या माळेतून येते. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एकेका धाग्यासाठी एकेक कार्ड पुढे सरकते आणि ताण्याचे, म्हणजे उभे, कोणते धागे वर उचलायचे हे त्या भोकांवरून ठरते. माळ संपली की पहिल्यापासून पुन्हा सुरू होते. एखादे कार्ड फाटले तर चूक एकदा होऊन थांबत नाही. डिझाइनच्या प्रत्येक आवर्तनात, त्याच जागी, तीच चूक उमटते. समजा सोमवारी एका कार्डाचे भोक फाटले. वेलीवरच्या प्रत्येक पानाच्या टोकाशी एक पांढरा धागा नको तिथे वर आला. बुधवारी सकाळी जॉबरने कार्ड दुरुस्त केले. मधल्या काळात त्या मागावर ११ चादरी सदोष निघाल्या, त्या नोंदवहीत लिहिल्या गेल्या आणि बाजारात जाणार नाहीत म्हणून बाजूला काढल्या. त्यांतली एक जॉबरने बुधवारी संध्याकाळी घरी नेली आणि खाटेवर अंथरली.

शनिवारी सकाळी तलावाकाठी त्या चादरीत मृतदेह सापडतो. पोलीस दोष ओळखतात, कारखान्यात येतात, तशाच चादरींचा गठ्ठा गोदामात पाहतात आणि खून कारखान्यात झाला असा निष्कर्ष काढतात. निष्कर्ष अगदी योग्य दिसतो. पुढे कोणीतरी गठ्ठा मोजतो: गोदामात दहा, वहीत अकरा. वाचकाला वाटते, हेच तर सिद्ध झाले, अकरावी मृतदेहावर होती. ती अकरावी चादर गोदामातून नाहीशी झाली की त्याआधीच कोणाच्या तरी घरी गेली होती, हा प्रश्न कोणी विचारत नाही, तोपर्यंत रहस्य सुरक्षित असते. वाचकाला दोष, तारखा आणि आकडे सर्व काही दिलेले असते.

दुसरा धागा बोलण्यातला. गुरुवारी रात्री साडेनऊला एका सहकाऱ्याने मृताला फोन केला होता. तो पोलिसांना सांगतो:

“कार्डाचं विचारायला फोन केलता मी. ‘अण्णा आला, नंतर बोलतो,’ म्हणला आन् ठेवला बघा.”

जबाब लिहून घेणारा हवालदार कागदावर लिहितो: “सदर वेळी ‘अण्णा आले आहेत, नंतर बोलतो’ असे सांगून मयताने फोन बंद केला.”

दोन्ही वाक्ये वाचकासमोर, एकाच पानावर आहेत. कारखान्याचा कामगार मालकांविषयी ‘अण्णा आला’ असे कधीच म्हणणार नाही. मालक नेहमी ‘आले’. थोरला भाऊ मात्र घरच्या बोलण्यात ‘आला’. हवालदाराच्या हाताला दप्तरी मराठीची सवय असल्याने त्याने नकळत आदरार्थी बहुवचन केले, आणि पुढे सगळी फाइल त्याच वाक्यावर चालत राहिली. घर आणि कारखाना एका हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मोबाइल टॉवरच्या नोंदीवरूनही तो कुठे होता हे वेगळे करता येत नाही. चादर आणि फोन हे दोन्ही धागे आधी मालकाकडे बोट दाखवतात आणि एकदम, एकाच वेळी, भावाकडे वळतात. असे दोन धागे एकमेकांना धरून वळले की वाचकाला उलगडा पटतो. एकच धागा वळला तर तो योगायोग वाटतो.

धागा ठेवल्यावर तो झाकावा लागतो, पण काढून घेऊन नव्हे. सहकाऱ्याच्या त्या वाक्यानंतर लगेच तो रडू लागतो आणि मृताचे वीस हजार रुपये आपण परत केले नव्हते असे सांगून टाकतो. वाचकाचे लक्ष पैशांकडे जाते. थोरल्या भावाला बहीण काय हाक मारते हेही आधी दाखवायला हवे: अंत्यसंस्काराच्या गर्दीत माहेरी आलेली बहीण ‘अन्ना’ म्हणत थोरल्याच्या खांद्यावर डोके ठेवते, शेजारीच कारखान्याचे मालक हात जोडून उभे असतात, आणि त्या दृश्यात वाचक शोकात गुंतलेला असतो, शब्दाचे लेखन तपासत नसतो. यादीतला महत्त्वाचा पदार्थ मधोमध ठेवणे, वस्तू आणि तिचा अर्थ यांच्यात तीन-चार प्रकरणांचे अंतर ठेवणे, महत्त्वाची गोष्ट नावडत्या किंवा बडबड्या पात्राच्या तोंडून सांगणे, हे झाकण्याचे आणखी काही मार्ग आहेत.

यासाठी वेगळी वही करावी आणि प्रत्येक धाग्यासमोर चार रकाने आखावेत: तो कोणत्या प्रकरणात पहिल्यांदा दिसतो, तिथे त्याचा वरवरचा अर्थ काय, खरा अर्थ काय, आणि त्या क्षणी वाचकाचे लक्ष कशाकडे आहे. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते दृश्य पुन्हा लिहावे लागेल असे समजावे.

संशयित

गुन्हेगार वाचकाला कादंबरीच्या पहिल्या पाचव्या हिश्शात भेटलाच पाहिजे आणि त्यानंतर त्याला फार काळ नजरेआड ठेवू नये. त्याच्याबरोबर आणखी तीन किंवा चार संशयित पुरतात. त्यापेक्षा अधिक झाले की वाचक नावे विसरतो. प्रत्येक संशयिताला लपवण्यासारखे खरेखुरे काहीतरी द्यावे, फक्त ते खुनाशी संबंधित नसावे. मालक गुरुवारी रात्री कुठे होते हे सांगत नाहीत, कारण ते कारखाना विकण्याची बोलणी करत होते आणि कामगारांना ते कळू द्यायचे नव्हते. चकवा असा असला तर तो सुटल्यावरही वाया जात नाही. कारखाना बंद पडण्याची भीती ही कथेची स्वतःची वेदना बनते. ज्या शहराने मोठमोठ्या गिरण्या बंद होताना पाहिल्या, तिथल्या वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही.

तपास कोण करणार आणि कायदा काय म्हणतो

तपास करणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार किंवा निमित्त असले पाहिजे. हौशी शोधक असेल तर लोक त्याच्याशी का बोलतात याचे कारण पहिल्याच भेटीत द्यावे. आपल्या कथेत मी तो हवालदारच निवडला, ज्याच्या हातून जबाबातला शब्द बदलला. त्यामुळे उलगडा म्हणजे त्याचे स्वतःच्या अक्षराकडे परत जाणे ठरते.

पोलीस तपास असेल तर प्रक्रियेत चूक चालत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. त्या तारखेनंतर घडलेल्या खुनासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते. त्याआधीच्या काळातल्या कथेत भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ हवे. संशयास्पद मृत्यूचा मरणोत्तर पंचनामा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होतो. अटक केलेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते, प्रवासाचा वेळ वगळून. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ही तरतूद आहे. आरोपीने ताब्यात असताना दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. म्हणून शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार हुंदके देत सर्व सांगतो आणि कथा संपते, असा शेवट कायद्याच्या दृष्टीने पोकळ आहे. आपल्या कथेत भाऊ जो लोखंडी दांडा कुठे टाकला ते दाखवतो, त्या दांड्याला वजन आहे.

प्रकरणांची आखणी

सुमारे ६५,००० शब्दांच्या कादंबरीसाठी १८०० शब्दांची ३६ प्रकरणे हा हिशोब सोयीचा पडतो. प्रत्येक प्रकरणासाठी एक जाड कागद घ्यावा आणि त्यावर तीनच ओळी लिहाव्यात: काय घडते, वाचकाला नवीन काय कळते, कोणता प्रश्न उघडा राहतो. कागद जमिनीवर पसरावेत. मृतदेह तिसऱ्या प्रकरणापर्यंत सापडावा. नवव्याच्या आसपास मालकावरचा संशय पक्का व्हावा. अठराव्यात तपासाची दिशा मोडून पडावी, म्हणजे मालक त्या रात्री कुठे होते याचा भक्कम पुरावा मिळावा. एकोणतीस ते एकतीसमध्ये दोन्ही धागे वळावेत. हे आकडे दगडावरची रेघ मानू नयेत, परंतु मधली दहा प्रकरणे ढिली पडतात हा सर्वांचा अनुभव असल्याने अठराव्या प्रकरणातली मोडतोड टाळू नये. दुसरा मृतदेह हा त्यावरचा सोपा उपाय आहे. कथेला त्याची खरी गरज आहे का, हे हकिकतीच्या वहीत जाऊन तपासावे. तिथे नसेल तर कादंबरीतही असू नये.

लिहिताना

दृष्टिकोन एकाच माणसाचा ठेवला तर प्रामाणिकपणा पाळणे सोपे जाते. हवालदाराला जे कळते ते वाचकाला कळते. गुन्हेगाराच्या मनात शिरून त्याला काय वाटते ते सांगायचे आणि खुनाचा विचार मात्र गाळायचा, ही लबाडी आहे. त्याला बाहेरूनच पाहावे.

संवादात सोलापुरी बोली हवी, पण मोजकी. “काय करलालास बे?” असे एखादे वाक्य पात्र उभे करते, पानभर तेच झाले तर पुण्या-नागपूरचा वाचक अडखळतो आणि धागे त्या अडखळण्यात हरवतात. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवण्याचा आपल्या कथेत आणखी एक लाभ आहे: ‘आला’ आणि ‘आले’ यांच्यातला फरक वाचक बोली आणि प्रमाण भाषा यांच्यातला फरक समजून पुढे जातो.

रोज किती लिहावे यावर मी काही सांगणार नाही. फक्त पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत मागे जाऊन दुरुस्त्या करू नयेत. सुचलेला बदल धाग्यांच्या वहीत नोंदवून पुढे लिहीत राहावे.

उलगडा

सर्व पात्रांना एका खोलीत बसवून तासभर व्याख्यान देण्याचा प्रकार आता वाचकाला कंटाळवाणा वाटतो. उलगडा कृतीतून व्हावा. हवालदार रात्री जुना जबाब वाचत बसतो, ‘आले’ या शब्दावर त्याचे बोट थांबते, तो सहकाऱ्याच्या घरी जातो आणि एवढेच विचारतो: “तो नक्की काय म्हणाला होता, तसंच्या तसं सांगा.” उत्तर ऐकून तो कारखान्यातल्या जुन्या कामगाराला विचारतो की सदोष चादरी कोण कोण घरी नेत असे. दोन प्रश्न, दोन उत्तरे. त्यानंतर आठवण करून देण्यासाठी मागच्या प्रसंगांची एखाद-दुसरी ओळ पुरते. भावाला पकडल्यावर पुढे किमान एक प्रकरण ठेवावे. घर गहाण पडलेले आहे, बायको दोन मुलांना घेऊन परतली आहे, बहिणीचे दोन्ही भाऊ गेले आहेत. त्या माणसांचे काय झाले हे वाचकाला कळायला हवे.

फेरवाचन

खर्डा तीन आठवडे बंद ठेवावा. नंतर पहिले वाचन उलटे करावे: शेवटच्या प्रकरणापासून पहिल्याकडे यावे आणि उलगड्यात वापरलेली प्रत्येक गोष्ट आधी कुठे आली आहे त्या पानावर खूण करावी. ज्या गोष्टीला खूण मिळत नाही ती उलगड्यात वापरता येणार नाही. दुसरे वाचन घड्याळ आणि दिनदर्शिका घेऊन करावे. गुरुवार कुठे शुक्रवार झाला आहे का, जॉबर बुधवारी सकाळी कार्ड दुरुस्त करतो आणि दुसऱ्या प्रकरणात मंगळवारीच ते दुरुस्त झालेले आहे का, अशा चुका इथे सापडतात.

मग हस्तलिखित दोन वाचकांना द्यावे, एक रहस्यकथा भरपूर वाचणारा आणि एक अजिबात न वाचणारा, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्यांचा संशय कोणावर आहे ते पेन्सिलीने लिहून ठेवायला सांगावे. अभिप्राय विचारू नये. त्या नावांवरूनच सारे कळते. भावाचे नाव बाराव्या प्रकरणात आले तर झाकण ढिले आहे. ते शेवटपर्यंत एकदाही आले नाही तर धागे फार खोल गेले आहेत, कारण चांगल्या कादंबरीत वाचकाला संशय येऊन जातो आणि तो स्वतःच तो झटकून टाकतो. माझ्या एका वाचकाने एकविसाव्या प्रकरणाखाली भावाचे नाव लिहिले होते, पुढे प्रश्नचिन्ह काढले होते आणि बाविसाव्याखाली पुन्हा मालकाचे नाव लिहिले होते. त्या दोन प्रकरणांतला एकही शब्द मी बदलला नाही.

तिसऱ्या वेळी फक्त संवाद मोठ्याने वाचावेत, शक्य असेल तर ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसासमोर. बहिणीच्या तोंडचे ‘अन्ना’ मी आधी मराठी वळणाने ‘अण्णा’ लिहिले होते. तेलुगू बोलणाऱ्या शेजारणीने ते वाक्य दोनदा म्हणून दाखवले आणि मग मी ण पुसून न केला. एका अक्षराने बहीण खरी झाली, आणि नीट कान देणाऱ्या वाचकासाठी सातव्या प्रकरणात आणखी एक खूण उघड्यावर राहिली.